तळपायांची आग: बी१२ची गोळी सुरू करण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंचं वय ६२. सहा महिन्यांपासून रात्री तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात, पायांवर चादरसुद्धा सहन होत नाही. शुगर ‘बॉर्डरवर’ असल्याचं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि ॲसिडिटीची गोळी पाच-सहा वर्षं रोज चालू आहे. कोणीतरी बी१२च्या गोळ्या सुचवल्यात, त्या उद्यापासून द्यायच्या का, असं तुम्ही विचारलंय.

उद्यापासून नको. आधी रक्ताची तपासणी, मग गोळी. यात माझं स्वतःचं एक वर्ष वाया गेलंय म्हणून इतकं ठामपणे सांगते. मला मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी जवळजवळ तेव्हापासूनच घेते. पाय जळायला लागले तेव्हा मी आपल्या मनानेच व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या आणि तीन आठवड्यांनी तपासणी केली. बी१२ छान आलं. ते कारण तिथेच बाजूला पडलं आणि गोळ्याही मी सोडून दिल्या. पुढच्या वर्षी पाय बधिर व्हायला लागले तेव्हा पुन्हा तपासलं, तर आकडा २००च्या खाली, म्हणजे कमतरता. पहिल्या वेळी रक्तात दिसली होती ती नुकत्याच घेतलेल्या गोळ्यांची भर. माझी खरी पातळी तेव्हा कळलीच नाही.

पाय जळतात म्हटलं की बी गटाचं जीवनसत्त्व, ही समजूत निराधार नाही. भारतीय पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी १९४६ मध्ये अशा रुग्णांवर लिहिलं होतं, आणि या त्रासाच्या एका नावात त्यांचं नाव आजही आहे. पण जीवनसत्त्वं हे अनेक कारणांपैकी एक आहे, आणि कारण कोणतं याचा पहिला सुगावा बहुतेक वेळा त्रासाच्या जागेतच असतो. म्हणून आठवडाभर आईंच्या पायांकडे नीट लक्ष द्या आणि लिहून ठेवा.

दोन्ही पायांना सारखंच होतंय का, हे सगळ्यात आधी पाहा. बोटांपासून सुरू होऊन हळूहळू घोट्याकडे, पोटरीकडे चढत असेल, म्हणजे मोजा घातल्यासारखा भाग धरला असेल, तर बहुधा नसाच (म्हणजे मज्जातंतू) आजारी आहेत. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, त्यामुळे रक्तातला कोणताही बिघाड आधी त्यांच्या टोकाला जाणवतो. त्रास गुडघ्याच्या आसपास पोचतो तेव्हा हाताच्या बोटांनाही मुंग्या सुरू होतात. मधुमेह, बी१२ची कमतरता, थायरॉईड कमी असणं, किडनीचा आजार, दारू, क्षयरोगावरची किंवा कॅन्सरवरची काही औषधं, ही सगळी याच वाटेने येतात.

एकाच पायाला असेल तर गोष्ट वेगळी. कमरेतून मागच्या बाजूने कळ उतरत असेल तर मणक्यात नस दबलेली असू शकते. घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिणी गेली तर नस तिथे अडकली असेल. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये, बुटात खडा असल्यासारखं टोचत असेल तर चवड्यातल्या नसेला सूज आली असेल. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की मोकळी होते, असं असेल तर नस सोडून रक्तवाहिनी तपासून घ्या. आणि बोटांच्या बेचक्यांत एकदा नक्की बघा. तिथली कातडी पांढरी, ओली, सोललेली असेल तर साध्या बुरशीनेही आग होते आणि ती मलमाने बरी होते.

तुम्ही लिहिलेल्यात मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली ती ‘बॉर्डर’. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या अलीकडे, ६.५ पासून पुढे मधुमेह. पण नसांचं नुकसान अलीकडच्या टप्प्यातही सुरू होऊ शकतं. शिवाय दोन वर्षांत तो आकडा कुठे गेलाय हे तुम्हाला ठाऊक नाही. दुसरी ती ॲसिडिटीची गोळी. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि वर्षानुवर्षं आम्ल दाबून ठेवलं की बी१२ हळूहळू उतरत जाऊ शकतं. मेटफॉर्मिननेही बी१२ असंच उतरू शकतं. ॲसिडिटीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना ती किती वर्षांची आहे हे आवर्जून सांगा.

एचबीए१सी, बी१२, टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि साधा सीबीसी (हिमोग्लोबिन, रक्तपेशी), एवढ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. बी१२ २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या मध्ये आलं तर ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देऊ नका, तेव्हा मिथाईलमॅलोनिक ॲसिडची तपासणी उपयोगी पडते, शरीराला बी१२ खरंच कमी पडतंय का ते तिच्यातून कळतं. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी१२ चांगलंच, असंही नाही. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि आत नसा बिघडत राहतात. ‘नसांच्या’ गोळ्यांच्या पाकिटावर बी६ किती आहे तेही वाचा. ते मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच पायांना मुंग्या येतात, आणि दोन-तीन गोळ्यांमधून ते नकळत दुप्पट-तिप्पट होतं.

नसांची विजेची तपासणी नॉर्मल आली आणि कोणी ‘मनाचा खेळ’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ती तपासणी जाड नसांची असते. आग आणि चटके वाहून नेणाऱ्या बारीक नसा तिच्यात दिसत नाहीत.

रात्र काढायची कशी, हे आईंच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पायांशी एखादी पेटी किंवा उलटी टोपली ठेवून चादर तिच्यावर टाका, कापड तळव्याला लागत नाही. मला यानेच पहिली सलग झोप मिळाली. गार पाण्यात पाच-सात मिनिटं पाय चालतील, पण बर्फ नको, आणि नंतर बेचक्या कोरड्या करा. गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको, भाजलेलं कळत नाही. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या आगीवर फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन यांपैकी काही देतील. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला झोप, चक्कर येते. आईंच्या वयात रात्री उठताना तोल जाऊ नये म्हणून दिवा जवळ ठेवा. आठ दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडू नका, अचानक तर नाहीच. शुगर वाढलेली निघाली तर ती बेताबेताने खाली आणायला सांगा. फार झपाट्याने उतरवली की काही जणांची आग काही काळ उलट वाढते.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. आग थांबली म्हणजे पाय बरे झाले, असं धरून चालू नका. उपचार नसताना आग आपोआप कमी झाली, तर कदाचित नस बोलेनाशी झाली असेल. माझी आग कमी झाली तेव्हा मला किती आनंद झाला होता! त्याच आठवड्यात एक खडा बुटात घेऊन मी दिवसभर फिरले आणि संध्याकाळी मोजा काढला तर तो रक्ताने भिजलेला. ती जखम भरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून रोज रात्री आरशात तळवे बघते, बूट घालण्याआधी आत हात फिरवते, घरातही अनवाणी चालत नाही. आईंचे तळवे तुम्ही बघत जा. डॉक्टरांकडे १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉनच्या तंतूने स्पर्श आणि ट्यूनिंग फोर्कने कंप कळतो का, हे तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मुंग्यांबरोबर पायांतली ताकद काही दिवसांतच कमी होऊ लागली, जांघेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली, किंवा एकाच बाजूचा हातपाय आणि चेहरा एकदम बधिर झाला, तर वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयात न्या.

नस सुधारते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर इतक्या संथ गतीने, आणि नुकसान जुनं असेल तर पूर्ण नाही. बी१२ भरून निघाल्यावर मला फरक जाणवायला चार महिने लागले. बोटांचा बधिरपणा अजून आहे, आग मात्र गेली.

रिपोर्ट आले की आकडे इथेच लिहा, आणि दोन्ही पायांना सारखं आहे का तेही. आईंना म्हणावं, आज रात्री ती टोपली नक्की ठेवून बघा.