वाचकांचे प्रश्न : पडके इस्पितळ आणि आतली माणसे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाच्या आसपास फिरणारी निघाली, म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या तिघांनाच येथे जागा दिली आहे.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावाच्या शिवेवर, नाल्यापलीकडे, दगडी जोत्याची एक लांबलचक पडकी इमारत आहे. सगळे तिला ‘जुना पागलखाना’ म्हणतात. परदेशातल्या ओसाड मनोरुग्णालयांत रात्री शिरून काढलेले व्हिडिओ मी आणि माझे तीन मित्र नेहमी पाहतो. येत्या अमावास्येला तसाच एक व्हिडिओ येथे काढण्याचा आमचा बेत आहे. घरचे भुताखेतांच्या भीतीने नको म्हणतात, पण आमचा त्यावर विश्वास नाही. आत काय पाहावे, काय टाळावे आणि कायद्याची काही अडचण येईल काय?
— एक विद्यार्थी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : भुतांवर विश्वास नाही हे उत्तम, मग नेमकी अमावास्याच कशाला निवडली, एवढे मात्र मला कळले नाही.

आधी ती इमारत खरोखर पागलखाना होती काय, हे तपासा. इंग्रजी अमलात नागपूरला १८६४ साली वेड्यांचे इस्पितळ निघाले. ते आजही प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालू आहे आणि तिथल्या चौकाला लोक अजून ‘पागलखाना चौक’च म्हणतात. मध्य प्रांतात जबलपूरलाही असे इस्पितळ होते. ही सोय मोठ्या शहरांची होती. तालुक्याच्या एखाद्या खेड्यात तिची वेगळी इमारत असण्याचा संभव फारच कमी आहे. उलट आपल्या भागात लांबलचक, एकापुढे एक खोल्यांच्या आणि पुढे व्हरांडा असलेल्या पडक्या इमारती भरपूर आहेत. त्यातल्या कित्येक जिनिंग-प्रेसिंगच्या गोदामांच्या आहेत, काही मिशनच्या दवाखान्यांच्या, तर काही कुष्ठरोग्यांसाठी गावाबाहेर बांधलेल्या वसाहतींच्या. एखादा निराधार, भ्रमिष्ट माणूस चार पावसाळे त्या पडवीत राहिला एवढ्यावरही गाव एखाद्या वास्तूला कायमचे नाव देऊन टाकते. तेव्हा पहिली फेरी इमारतीकडे न करता तलाठी कार्यालयाकडे करावी. सातबाऱ्यावर जागा कोणाच्या नावाने आहे, ते पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या जिल्हा गॅझेटियरमध्ये दवाखान्यांवर स्वतंत्र मजकूर असतो, तो वाचावा. आणि गावातल्या ऐंशी ओलांडलेल्या एखाद्या आजीला तिथे काय चालायचे ते विचारावे. यातून जे हाती लागेल, ते तुमच्या व्हिडिओपेक्षा रंजक असण्याचा पुष्कळ संभव आहे.

वास्तू खरोखर मनोरुग्णालयाची असेल, तर ती ओळखू येण्याच्या खुणा बारीक असतात. परदेशातल्या जुन्या इस्पितळांत खोलीचे दार बाहेरच्या बाजूला उघडत असे, कारण आतल्या माणसाने खाट आडवी लावून दार अडवून धरू नये. खिडकीची फळी चार-पाच इंचांहून वर सरकत नसे. दारात डोळ्याच्या उंचीवर पाहण्याचे भोक असे. इंग्लंडमधल्या काही इस्पितळांच्या आवारात भिंत चरात बांधलेली असे, म्हणजे आतून पाहणाऱ्याला ती कमरेएवढी दिसावी, पलीकडची शेते डोळ्यांना अडू नयेत आणि तरीही ती चढून कोणी जाऊ शकू नये. दया आणि कैद एकाच भिंतीत बांधण्याची ही युक्ती मला आजही अस्वस्थ करते.

भिंतींनाही जपून पाहावे, खरवडू नये. इटलीतल्या व्होल्तेरा गावच्या मनोरुग्णालयात फेर्नांदो ओरेस्ते नानेत्ती नावाच्या रुग्णाने आपल्या बंडीच्या बकलाच्या टोकाने अंगणाच्या भिंतीवर वर्षानुवर्षे मजकूर कोरला. त्याची लांबी सुमारे १८० मीटर भरली. इस्पितळ बंद पडल्यावर ऊन-पावसाने गिलावा गळत गेला आणि त्यातला बराच भाग नाहीसा झाला. खुळ्याच्या रेघोट्या म्हणून कोणी तो आधीच पुसून टाकला असता, तर एवढेही उरले नसते.

आता धोक्यांचे. आपल्याकडच्या पडक्या इमारतीत भुतापेक्षा आग्या मोहोळाची भीती अधिक धरावी. मोबाइलच्या झगझगीत दिव्याने आणि आरडाओरड्याने ते उठले, तर पळायला वाट सापडत नाही. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे चावल्याचे कळायलाच उशीर होतो. कवेलूंच्या खालचे फाटे उधईने आतून पोखरलेले असतात, वरून मात्र शाबूत दिसतात. गवतात दडलेली, कठडा नसलेली विहीर अशा जागी बहुधा असतेच. वटवाघळांच्या विष्ठेची कोरडी धूळ छातीत गेली, तर फुप्फुसांचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. आणि कोणतीही धातूची अनोळखी वस्तू उचलून घरी आणू नये. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली सोडून दिलेल्या एका कर्करोग-उपचार केंद्रातून भंगारासाठी दोघांनी यंत्राचा एक भाग काढून नेला. त्यात किरणोत्सारी सीझियम होते. चार जणांचा जीव गेला आणि लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. तुमच्या नाल्यापलीकडे सीझियम असेल असे मी म्हणत नाही, पण सवय मात्र तीच ठेवावी.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार फौजदारीपात्र अतिक्रमण ठरण्यासाठी गुन्ह्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. तरीही जागा सरकारी असो वा खासगी, लेखी परवानगी घेऊन, दिवसा, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊनच जावे. आतली वस्तू उचलली, तर ती सरळ चोरी होते. रुग्णांची नोंदवही, केसपेपर किंवा फोटो सापडला, तर तो कॅमेऱ्यासमोर धरू नये. त्यात नाव असलेल्या माणसाची नातवंडे तुमच्याच तालुक्यात राहत असतील आणि त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तुमचा व्हिडिओ कोणी तरी नक्की उघडून दाखवील.

प्रश्न : इंग्लंड-अमेरिकेतली ही प्रचंड इस्पितळे ओस का पडली? तिकडचे वेडे बरे झाले, असे समजायचे काय? आणि आपल्याकडे अशी ओसाड मनोरुग्णालये कशी दिसत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, तुमच्या तिसऱ्या प्रश्नातच खरी मेख आहे, म्हणून पहिल्या दोघांवरून जरा भरभर जातो.

इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला वेड्यांसाठी इस्पितळ बांधणे बंधनकारक केले. ती शहराबाहेर, स्वतःची शेती, गोठे, धोबीखाना, प्रार्थनामंदिर आणि पाण्याचा उंच मनोरा असलेली जणू स्वतंत्र गावेच होती. शांत जागा, ठरावीक दिनक्रम आणि हाताला काम मिळाले की मन ताळ्यावर येते, अशी बांधणाऱ्यांची प्रामाणिक समजूत होती. पण वृद्ध, अपस्माराचे रुग्ण, मतिमंद आणि घरच्यांना नकोसे झालेले असे सगळेच तिथे येऊन पडू लागले आणि चारशे माणसांच्या जागेत हजार माणसे कोंबली गेली. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती.

त्याच सुमारास क्लोरप्रोमॅझिन हे औषध आले. १९५२ साली पॅरिसमध्ये ते मनोरुग्णांवर वापरले गेले आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरले. भिंतीशी बोलणारी माणसे भेटायला आलेल्यांशी बोलू लागली. मात्र इस्पितळे केवळ औषधाने रिकामी झाली नाहीत. आतली स्थिती उघड झाल्याने लोकमत खवळले, सरकारांना खर्च नकोसा झाला आणि कायदे बदलले. इटलीत फ्रँको बासालिया या मनोविकारतज्ज्ञाच्या चळवळीतून १९७८ चा १८० क्रमांकाचा कायदा झाला आणि त्याने नवी मनोरुग्णालये उघडण्यासच बंदी घातली. अमेरिकेत १९६३ साली गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याचा कायदा झाला. त्यातली पुष्कळशी केंद्रे कधी उभीच राहिली नाहीत. तेव्हा ‘बरे झाले काय?’ याचे उत्तर असे की काही बरे झाले, काही घरी गेले आणि बरेचसे रस्त्यावर नाही तर तुरुंगात गेले. इमारती मात्र एवढ्या अवाढव्य की त्या पाडणेही परवडेना. लंडनजवळच्या कोलनी हॅचसारख्या काहींचे उंची निवासी गाळे झाले, उरलेल्यांत कबुतरे आणि कॅमेरे घेतलेली मुले शिरली.

न्यूयॉर्क राज्यातले विलार्ड येथील इस्पितळ १९९५ साली बंद झाले, तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून अधिक पेट्या सापडल्या. भरती होताना प्रत्येकाने आणलेली ही शिदोरी होती : कपडे, पत्रे, छायाचित्रे, शिवणाचे सामान. कुलूप लावून ठेवली ती पुन्हा मालकाच्या हाती गेलीच नाही. इस्पितळाच्या दफनभूमीत पाच हजारांहून अधिक माणसे आहेत आणि त्यांच्या थडग्यांवर नावाऐवजी क्रमांक होते.

आता आपल्याकडचे. आपली मनोरुग्णालये ओस पडली नाहीत, कारण रिकामी करावीत एवढी ती मुळात बांधलीच गेली नव्हती. महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. चारही इंग्रजी अमलातली आणि चारही चालू. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातले एक येते. एरवी आपला पागलखाना म्हणजे घराची मागची खोली, गोठ्याचा खांब, नाही तर एखादा दर्गा किंवा देवस्थान. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी अशाच एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेली माणसे जागच्या जागी जळाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने कोणत्याही प्रकारे साखळी घालण्यास मनाई केली आहे. भूल न देता विजेचे झटके देण्यासही तेथेच मनाई आहे.

म्हणजे तिकडे माणसे निघून गेली आणि इमारती बेवारस झाल्या; इकडे इमारती भरलेल्या आहेत आणि आतली कित्येक माणसे बेवारस आहेत. ती बरी झालेली असतात, पण पत्त्यावर पाठवलेले पत्र ‘सदर इसम येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत येते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची मोठी बहीण बाळंतपणानंतर बिघडली, म्हणून १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास तिला शहरातल्या मनोरुग्णालयात पोचवले. ती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती. पुढे कोणी आणायला गेले नाही. तिची मुलगीही वर्षाच्या आत गेली. सासूबाई आता थकल्या आहेत आणि रोज ‘बाईचं काय झालं असंल वं?’ एवढेच विचारतात. तिथला जुना वॉर्ड बंद पडला असे ऐकते. शोध घ्यायचा तर कुठून सुरुवात करू?
— एक वाचक भगिनी, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, तुमच्या मावससासूंना जे झाले ते हजार बाळंतपणांत एक-दोनदा होते. बहुतेक वेळा ते अचानक सुरू होते आणि वेळेवर उपचार मिळाले तर बाई पूर्ण बरी होते. हे सासूबाईंना आधी सांगा, कारण इतकी वर्षे त्यांच्या मनात ‘बाईला बाहेरचं लागलं’ किंवा ‘आमच्याच घराण्यात आहे’ यांपैकी काही तरी बसले असेल.

बंद वॉर्डात जाऊन काही सापडणार नाही. कागद वॉर्डात नसतात. आणि पहिला प्रश्न ‘केव्हा वारल्या?’ असा करू नका. त्या हयात असतील, तर आज पंचाहत्तरीच्या घरात असतील आणि इतकी वर्षे आत काढलेल्या बायका असतात. घरचे न्यायला येत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असे २०१७ च्या कायद्याचे कलम १९ सांगते, त्यामुळे त्यांना एखाद्या निवारागृहात हलवलेलेही असू शकते. म्हणून ‘सध्या पटावर आहेत काय, नसल्यास कोठे गेल्या?’ असे विचारा.

साधा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे करावा आणि त्यात अंदाजे वर्ष, गाव, तालुका, वय आणि सोबत कोण गेले होते ते लिहावे. त्या काळी वेड्यांसंबंधीचा १९१२ चा कायदा लागू होता आणि पुष्कळ भरत्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होत, त्यामुळे न्यायालयाच्या जुन्या दप्तरातही नोंद असू शकते. अर्जाला उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात विचारावे : दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय. खासगी माहिती म्हणून नकार मिळाला, तर वीस वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी असलेल्या कलम ८(३) चा उल्लेख करून अपील करावे.

त्या वारल्या असतील, तर मृत्यूची नोंद तुमच्या ग्रामपंचायतीत शोधू नका. ती मृत्यू जेथे झाला तेथे, म्हणजे त्या शहराच्या महानगरपालिकेत होते. आणि नावाबद्दल विशेष सांगतो. कारकुनाने ते इंग्रजीत, कानावर पडले तसे लिहिले असणार, तेव्हा ज्या-ज्या प्रकारे ते लिहिले जाऊ शकते ते सगळे प्रकार अर्जात द्या. त्यांना पोचवायला भाऊ गेला होता की नवरा, हे सासूबाईंना नीट आठवून सांगायला लावा. भाऊ गेला असेल, तर नोंदवहीत माहेरचे आडनाव असेल आणि इतकी वर्षे सासरच्या आडनावाने शोधूनही त्या कोणाला सापडल्या नसत्या.