‘मॅक’ स्कॉटलंडचा की आयर्लंडचा?

प्रश्न : ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावे रोमन लिपीत ‘एमएसी’ अशी लिहिली असतील तर घराणे स्कॉटिश आणि नुसते ‘एमसी’ असेल तर आयरिश, असे ऐकले आहे. हे खरे आहे का? नसल्यास अमेरिकेत गेलेल्या अशा घराण्याचे मूळ कसे शोधतात?

उत्तर : हा समज सर्वदूर पसरलेला असला, तरी त्याला आधार नाही. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, आणि हा शब्द दोन्ही देशांच्या गेलिक भाषांत आहे. आखूड रूप ही केवळ लिहिणाऱ्याची सोय असल्याने एकाच माणसाचे नाव दोन नोंदवह्यांत दोन तऱ्हांनी सापडते. ‘ओ’ने सुरू होणारी नावे मात्र बहुतांशी आयर्लंडचीच.

खरा गुंता स्थलांतराने केला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी राजाश्रयाने हजारो स्कॉटिश कुटुंबे आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात वसवली गेली आणि अठराव्या शतकात त्यांचे वंशज तेथून अमेरिकेला निघाले, म्हणजे नाव स्कॉटिश असूनही जन्म कित्येक पिढ्या आयर्लंडमधला. उलट 1845 नंतरच्या दुष्काळात असंख्य आयरिश माणसे ग्लासगोला पोहोचली आणि त्यांची नातवंडे कागदोपत्री स्कॉटलंडची झाली. त्यातच नावेही बदलली. स्कॉटलंडमध्ये मॅकग्रेगर या नावावर 1603 मध्ये बंदी आली आणि ती कायमची उठली 1774 मध्ये. मधल्या काळात त्या कुळातील प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय यालाही आईचे कॅम्पबेल हे आडनाव लावावे लागले. आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यातील कित्येक स्मिथ (म्हणजे लोहार) तर मूळचे मॅकगोवन (म्हणजे लोहाराचा मुलगा) आहेत.

म्हणून भरवसा ठेवायचा तो नोंदींवर. स्कॉटलंडमध्ये 1855 पासून नागरी नोंदणी सक्तीची आहे आणि तिथल्या मृत्युनोंदीत आईचे माहेरचे आडनावही मिळते, ही चैनच म्हणायची. आयर्लंडमध्ये सर्वधर्मीयांची नोंदणी 1864 पासून सुरू झाली, तिथल्या जुन्या मृत्युनोंदीत आईवडिलांची नावे नसतात, आणि डब्लिनच्या अभिलेखागाराला 1922 मध्ये लागलेल्या आगीत जुन्या जनगणनांचे बहुतेक कागद जळाले. 1901 आणि 1911 च्या जनगणना तेवढ्या सबंध उरल्या असून त्या विनामूल्य पाहता येतात. त्याआधीच्या काळासाठी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्रिफिथ या अधिकाऱ्याने कर बसवण्यासाठी केलेली जमीन-आकारणी कामी येते. तीत घरमालक आणि भाडेकरू यांची नावे गाववार दिली आहेत.

मात्र आयर्लंडमध्ये अशी साठ हजारांहून अधिक छोटी गावठाणे असल्याने आधी अमेरिकेतील चर्चच्या विवाहनोंदी, थडग्यांवरील मजकूर आणि भावंडांचे मृत्युलेख चाळून गावाचे नाव मिळवावे, आणि मगच समुद्रापलीकडच्या दप्तरांना हात घालावा.