पद्मिनी घरी उभी करताना : वाचकांचे प्रश्न

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली फियाट 1100 आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी घरी दुरुस्त करायला घेतलेल्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. घरी शिकायला ही गाडी फार चांगली. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग दिसतो, हाताला लागतो आणि साध्या पान्ह्यांनी सुटतो.

प्रश्न (सातारा) : मामांची 1982 ची पद्मिनी 14 वर्षे शेडमध्ये उभी आहे. नवी बॅटरी लावून एकदा सेल्फ मारून बघू का?

मारू नका. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. सेल्फच्या झटक्याने रिंग तुटते, नाहीतर पुशरॉड वाकतो. ढकलून किंवा टो करून इंजिन फिरवणे तर त्याहून वाईट, कारण तो धक्का गिअरबॉक्सलाही बसतो.

आधी चारही प्लग काढा. डिझेल आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल निम्मे-निम्मे मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये 30 ते 40 मिली ओता आणि तीन-चार दिवस तसेच राहू द्या. तेवढ्या दिवसांत टॅपेट कव्हर उघडून व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही तेच मिश्रण सोडा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावा आणि आधी एका दिशेने, मग उलट, असा हलका जोर द्या. अंशभर हलले तरी पुरे. तिथल्या तिथे मागेपुढे करत राहा. पान्ह्याला पाइप जोडून जोर वाढवायचा मोह टाळा. आठवड्याने आणखी थोडे मिश्रण घालून पुन्हा प्रयत्न केलेला बरा. दोन-तीन आठवड्यांतही हलले नाही तर हेड उघडायचे.

इंजिन मोकळे झाले म्हणजे चालू करायला तयार झाले असे नाही. वरून ओतलेले डिझेल रिंगांमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलेले असते, म्हणून सगळे ऑइल काढून टाका. शक्यतो चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, तेही उतरवा. तळाशी साचलेला काळा गाळ ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसला, तर बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचत नाही आणि मोकळे झालेले इंजिन पहिल्या दहा मिनिटांत खराब होते. चेंबरला नवे पॅकिंग, नवा फिल्टर, 20डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 मिनरल ऑइल. मग प्लग न लावताच सेल्फ 10-10 सेकंद मारा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबत-थांबत मारत राहा.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. चारही सिलिंडरच्या आकड्यांत 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असू नये. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या पॅकिंगमध्ये. चाचणी पाच मिनिटांची, पण हेड उतरवायचे की अख्खे इंजिन, हे तीच ठरवते.

प्रश्न (डोंबिवली) : पायाखालचा पत्रा कुजला आहे. दरवाज्याखालची पट्टीही बोटाने दाबली की आत जाते. टिंकर म्हणतो, वरून पत्रा ठोकून देतो. चालेल?

चालणार नाही. या गाडीला वेगळी चासिस नाही. फरशी, दरवाज्याखालची पेटी म्हणजे सिल, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा ठोकला की आतला गंज झाकला जातो आणि दोन पत्र्यांच्या फटीत पाणी आणखी साचते. दोन पावसाळ्यांत वरचा पत्राही जातो.

काम सुरू करण्याआधी कूज कुठवर गेली आहे ते बघा. एका हातात चुंबक, दुसऱ्या हातात जुना स्क्रू ड्रायव्हर. चुंबक नीट चिकटत नाही तिथे जाड लांबी (पुटी) भरलेली आहे असे समजा. पुढच्या चाकांच्या कमानींच्या मागची बाजू, जॅक लावायची जागा, डिकीत स्टेपनी बसते तो खळगा, दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्रा तपासा. काचेचे रबर गळत असेल तर ते आधी बदला, कारण फरशी कुजवणारे पाणी बहुतेक वेळा वरूनच येते.

सिल कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा आणि तिरपा असे दोन लोखंडी पाइप तात्पुरते वेल्ड करा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आधार न देता सिल कापली की गाडी मधोमध काही मिलिमीटर खाली बसते. तशाच अवस्थेत नवी सिल वेल्ड झाली की दरवाजा पुन्हा कधीच नीट लागत नाही. कापण्याआधी दरवाज्याभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू कापा.

पत्रा 0.9 ते 1 मिमीचा घ्या. वेल्डिंग मिगनेच (तार आपोआप पुढे येणाऱ्या विजेच्या वेल्डिंगनेच) करा. गॅसच्या उष्णतेने पातळ पत्रा लाटेसारखा वाकतो. 25-30 मिमी अंतरावर ठिपके मारत चला, पत्रा हाताला गार लागला की मधल्या जागा भरा. वेल्डिंगआधी बॅटरी काढा, डायनॅमो किंवा अल्टरनेटरच्या तारा सोडा आणि डिकीतली पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्या. ही टाकी रिकामी असली तरी तिला घरी कधीही वेल्डिंग करू नका. पेट्रोल संपले तरी वाफ राहते आणि एका ठिणगीत स्फोट होतो. शेवटी सिलच्या आत मेणाचा फवारा मारा आणि पाणी निचरायची तळाची भोके उघडी आहेत ना, ते बघा. रंगाच्या घाईत ती बुजवून टाकलेल्या गाड्या फार आढळतात.

आणखी एक. गाडीखाली जायचे तर गाडी घोडीवर, म्हणजे पक्क्या लोखंडी स्टँडवर ठेवूनच. विटा किंवा पेव्हर ब्लॉक दाबाखाली अचानक फुटतात.

प्रश्न (जळगाव) : सुटे भाग गंजमुक्त करायला विजेची पद्धत ऐकली आहे. घरी जमेल का?

जमेल, आणि झाकणे, ब्रॅकेट यांच्यासाठी उत्तम आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत 10 लिटर पाणी, त्यात सुमारे 100 ग्रॅम धुण्याचा सोडा. जुन्या पद्धतीच्या 12 व्होल्ट चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार साध्या लोखंडी पट्टीला. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज काळा, मऊ होऊन ब्रशने निघतो. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. बादली उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. स्प्रिंगा आणि कडक केलेले बोल्ट यात टाकू नका, ते ठिसूळ होतात. ॲल्युमिनियमचे भाग तर सोड्यात विरघळतात.

प्रश्न (नाशिक) : ब्रेकचा पंप आणि चारही चाकांचे सिलिंडर किट नवे टाकले. तरी पाच-सहा किलोमीटर गेले की ब्रेक आपोआप लागतात. थांबून गार झाले की सुटतात.

दोष बहुधा किटमध्ये नाही. पंपाच्या आत एक बारीक छिद्र असते. पाय काढल्यावर त्यातून ऑइल डबीत परत जाते. पेडलची दांडी पिस्टनला किंचितही दाबून राहिली तर ते छिद्र बंदच राहते. चालताना ऑइल तापून फुगते, परतायला वाट नसते, आणि ब्रेक लागतात. दांडी आणि पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर फट हवी. पेडल हाताने दाबले की आधी जरासे पोकळ लागले पाहिजे.

खात्री करायची तर ब्रेक लागलेल्या अवस्थेतच तपासा. एक चाक उचला आणि त्याचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) पाव आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटले, तर दाब अडकला आहे. सुटले नाही, तर ब्रेकशूची स्प्रिंग, हँडब्रेकची केबल किंवा अडकलेले पिस्टन बघा. दाब अडकला असेल तर ब्लीडर बंद करून पुन्हा ब्रेक लागू द्या आणि आता पंपाजवळचा पाइप सैल करा. चाके सुटली तर दोष पंपाकडे. नाही सुटली, तर रबरी होस आतून फुगून बंद झाला आहे. बाहेरून तो नव्यासारखा दिसू शकतो. वय माहीत नसलेले होस सरळ बदलाच.

हवा काढताना पंपापासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर सगळी रबरे फुगतात आणि पुन्हा सगळे उघडावे लागते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

या गाडीत चारही चाकांना एकच ब्रेक सर्किट आहे. एक पाइप फुटला की चारही ब्रेक जातात. म्हणून इंजिन कितीही गोड चालत असले तरी गंजलेले पाइप बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.

प्रश्न (पुणे) : 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या फियाटला चालते का? उन्हाळ्यात गाडी मधेच बंदही पडते.

इंजिन चालते, पण जुनी रबरे टिकत नाहीत. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगे आणि पाइप मऊ पडून चिरतात. आर9 दर्जाचा फ्लोरोइलॅस्टोमर अस्तराचा पाइप घ्या, पंपाचे किटही इथेनॉल सोसणारे मागा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. महिनाभर गाडी बाहेर निघणार नसेल तर टाकीकडून पंपात येणारा पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहील. या पेट्रोलने हवा-पेट्रोलचे मिश्रण थोडे पातळ होते. ॲक्सिलरेटर दाबताना गाडी अडखळत असेल आणि प्लग पांढरे दिसत असतील, तर कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक नंबर मोठा घालून बघा.

उन्हाळ्यात बंद पडते ती पाइपातच पेट्रोलची वाफ झाल्यामुळे. पंपावर ओले फडके टाकायचा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय खरा आहे, पण तो रस्त्यावरचा. घरी पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवा, पंपाखालची उष्णतारोधक जाड पॅकिंग जागेवर आहे का बघा आणि रेडिएटर आतून साफ करून घ्या. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते तापून वाकले की खर्च मोठा. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न भरता गंजरोधक कूलंट घाला.

प्रश्न (सांगली) : इटलीहून 1100डी चे पिस्टन मिळत आहेत. बसतील?

नाहीत. इटलीतल्या 1100डी चे इंजिन 1221 सीसीचे, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 72 मिमी. आपल्याकडचे 1089 सीसीचे, बोअर 68 मिमी. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल दोन्हीकडे 75 मिमी असल्याने हा घोळ होतो. आधी मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या नाना पेठेत विचारा. जाताना जुना भाग सोबत न्या, नुसत्या वर्णनावर घेतलेला भाग हमखास चुकतो.

प्रश्न (रत्नागिरी) : श्रावणापर्यंत रंग पूर्ण करायचा आहे. अंगणात स्प्रे करू का?

थांबा. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरते आणि रंग पांढुरका पडतो. लांबीही ओलावा शोषते आणि काही महिन्यांनी रंगाला फोड येतात. पावसाळ्यात आतली कामे करा, रंग दिवाळीनंतर. तोवर उघडा पत्रा एक दिवसही तसा ठेवू नका. घासला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी 3 मिमीपेक्षा जाड नको. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्रा पुन्हा ठोकून काढा. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग मात्र घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करतात आणि साधा मास्क त्यांना अडवत नाही. घासून-पुसून तयार केलेली बॉडी रंगकामाच्या बंदिस्त बूथमध्ये द्या. निम्म्याहून जास्त मेहनत तिथवर तुम्हीच केलेली असते.

प्रश्न (ठाणे) : हेडलाइट मंद जळतात, मधेच जातात. नवे वायरिंग करू?

आधी फ्यूज काढून त्यांची दोन्ही टोके आणि पितळी पकडी पॉलिश पेपरने घासा. मग दिव्याची आणि इंजिनची अर्थ तार जिथे बॉडीला बसते तिथला रंग-गंज खरवडून ती घट्ट करा. दहापैकी आठ वेळा एवढ्यावर भागते. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

प्रश्न (कोल्हापूर) : आमची फियाट 1971 ची आहे. व्हिंटेज नोंदणी करावी का? नवे इंजिन टाकले तर?

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज ठरते, म्हणजे तुमची बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नंतर नूतनीकरणाला 5,000. अर्ज फॉर्म 20 वर, सोबत विमा आणि जुने आरसी बुक. भारतात आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

अट अशी की व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. दर रविवारी घरच्यांना फिरवायचे असेल तर आरटीओत साधे नूतनीकरणच करा.

इंजिनबद्दल आमचे मत ठाम आहे : बदलू नका. चासिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केला की गाडी व्हिंटेजच्या व्याख्येतून बाहेर पडते. शिवाय 1089 सीसीचे मूळ इंजिन बोअर करून, मोठे पिस्टन घालून पुन्हा उभे करता येते. बोअरिंगला देण्याआधी मात्र पिस्टन हातात असू द्या. लेथवाल्याने पिस्टन मोजूनच बोअर करायचा असतो.