नोकरीला हो म्हणण्याआधी आठवड्याचा हिशेब मांड

आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ आधीच बाजूला काढ, त्यातून उसनवारी करायची नाही. १८ तास लेक्चर असतील तर वाचन, असाइनमेंट मिळून साधारण त्याच्या दुप्पट, ३६ धर, म्हणजे एकूण ५४ गेले. उरले ५८. आंघोळ, जेवण, कपडे, प्रवास यांत रोजचे तीन तास सहज जातात. हातात राहतात ३७.

आकडा मोठा वाटतो, पण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. चार तासांची शिफ्ट चार तासांची नसते. जाणं-येणं, कपडे बदलणं, शेवटची आवराआवर धरून ती सहाच्या घरात जाते. म्हणून पहिल्या सेमिस्टरला १२ ते १५ तासांवर जाऊ नकोस. दोन-दोन तासांच्या पाच शिफ्टपेक्षा पाच तासांच्या दोन बऱ्या, प्रवास तीनदा वाचतो.

परीक्षेच्या तारखा लागल्या की त्याच दिवशी मॅनेजरला लेखी कळव. तोंडी सांगितलेलं, रोस्टर (शिफ्टचं वेळापत्रक) बनवताना कुणाच्या लक्षात राहत नाही (मग दोष तुलाच). सकाळचं लेक्चर असेल तर आदल्या रात्रीची दुकान बंद करायची शिफ्ट घेऊच नकोस. वर्गात बसशील, पण डोक्यात काही शिरणार नाही.

आणि कुणाची शिफ्ट बदलून घेतलीस तर दोघांचीही नावं रोस्टरवर बदलली आहेत का, ते स्वतः बघ. नाहीतर गैरहजेरी तुझ्या नावावर लागते.