भाडं अकरा महिन्यांचं, हप्ता बारा महिन्यांचा

प्रश्न : मी गोव्यात डिचोलीला शिक्षिका आहे, वय 33. यजमान वेर्ण्याला औषध कंपनीत. दोघांचा मिळून 95 हजार पगार हाती येतो, गाडीचा हप्ता 9 हजार जातो. सासऱ्यांचं घर आहे, त्यामुळे भाड्याचा खर्च नाही. 14 लाख साठलेत. पर्वरीला वन बीएचके 55 लाखांना सांगतात, भाडं 18 हजार येईल म्हणे. दुसरीकडे पेडण्यात, मोपा विमानतळाच्या वाटेवर, 300 चौरस मीटरचा प्लॉट 14 लाखांना मिळतोय. त्याला कर्जच नको. एजंटाचं पत्रक सोबत जोडलं आहे. पहिलीच गुंतवणूक आहे. काय घ्यावं?

उत्तर : बाई, आधी प्लॉटचा निकाल लावू, तो सोपा आहे. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात विमानतळाचा फोटो अर्धं पान आहे आणि तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'ऑर्चर्ड झोन, अविभाजित हिस्सा' असं छापलंय. ऑर्चर्ड झोन म्हणजे बागायतीसाठी राखलेली जमीन. भाट, म्हणजे बागायत, एकच, त्यात तुमच्यासारखे वीस-पंचवीस वाटेकरी, आणि तुमचे 300 मीटर नेमके कुठले हे फक्त चुन्याच्या रेघेला ठाऊक. पहिल्या पावसात ती रेघ जाईल. ऑर्चर्ड झोनमध्ये फार्महाऊस बांधायचं तरी किमान 4000 चौरस मीटर लागतात. सनद, म्हणजे जमीन घरासाठी वापरायची सरकारी परवानगी, नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. 'कर्जच नको' असं एजंट म्हणतो त्याचा खरा अर्थ हा. मी कर्ज विभागात तीस वर्षं काढली. बँक ज्या जमिनीला हात लावत नाही, तिला आपण आपल्या घामाचे पैसे का लावायचे?

तरी मला शहाणं समजू नका. 1996 साली मी स्वतः बार्देशात 600 चौरस मीटर जमीन घेतली. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, पाहिला. कब्जेदाराच्या रकान्यात विकणाऱ्याचं नाव होतं, खूश झालो. 'इतर हक्क' या रकान्यात एक ओळ होती, ती वाचलीच नाही. खरेदीखत झाल्यावर जूनमध्ये कुंपणाचं माप घ्यायला गेलो, तर माडांच्या आड एक कौलारू घर, दारात तुळस, आणि ओसरीवर बसलेली म्हातारी मला विचारते, "कोण रे बाबा तू? चहा घेतोस?" ती मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारी. पंचायत क्षेत्रातल्या मुंडकाराला आपलं घर आणि त्याभोवतीची 300 चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याचा हक्क आहे, आणि तो योग्यही आहे. तिच्या मुलाने मामलेदाराकडे अर्ज केला, माझी निम्मी जमीन कायद्याने ठरलेल्या दरात गेली. चहा मात्र चांगला होता.

म्हणून उताऱ्यातला प्रत्येक रकाना वाचा, कूळ आणि इतर हक्क हे दोन आधी. आणि जागेवर पावसाळ्यात जा.

आता फ्लॅट. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देते. म्हणजे 44 लाख कर्ज, 11 लाख तुमचे. मुद्रांक आणि नोंदणी त्या 80 टक्क्यांत धरत नाहीत. ते आणि वकील मिळून साडेतीन-पावणेचार लाख समजा. झाले पावणेपंधरा. तुमच्याकडे चौदा. अजून पंखा लागलेला नाही. इमारत बांधकामात असेल तर 5 टक्के जीएसटी, पावणेतीन लाख आणखी. भोगवटा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटला तो लागत नाही. शिवाय 50 लाख किंवा त्यावरच्या खरेदीत विकणाऱ्याच्या पैशांतून 1 टक्का कापून आयकर खात्यात तुम्हीच भरायचा असतो. हे नवखे हमखास विसरतात, मग नोटीस येते.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण 38,200 होतो. भाडं 18 हजार म्हणता, पण ते अकरा महिन्यांचं धरा. भाडेकरू बदलताना एक महिना जातोच. आले 1,98,000. त्यातून सोसायटीचे महिना अडीच हजार, घरपट्टी, आणि आपल्या पावसात भिंतीवर येणाऱ्या बुरशीचा रंग वजा करा. महिना 13 हजार राहिले तर नशीब. बाकी 25 हजार दरमहा तुमच्या पगारातून. घर रिकामं असेल त्या महिन्यात पूर्ण 38.

एअरबीएनबीवर लावू, असं तुम्ही पुढे विचाराल. त्यासाठी पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, सोसायटीची तयारी लागते, आणि चादरी धुवायला माणूस लागतो. शाळा सांभाळून ते होणार नाही.

तेव्हा आज घेऊ नका, आजपासून तालीम करा. जत्रेतलं नाटकसुद्धा आपण महिना-महिना तालीम केल्याशिवाय उभं करत नाही. येत्या महिन्यापासून 25 हजार आवर्ती ठेवीत टाका, जणू फ्लॅट घेतलाच आहे. बारा महिने एकदाही न चुकता जमलं तर तीन लाख वाढतील आणि तुम्हाला तुमचं घर किती ताण सोसतं ते कळेल. दरम्यान गाडीचं कर्ज फेडा, आणि पाच लाख बाजूला काढून त्यांना हात लावू नका. चार महिन्यांत तालीम मोडली, तर फ्लॅट तुमच्यासाठी नव्हताच. मग रीटची, म्हणजे अनेकांच्या पैशांतून इमारती घेऊन त्यांचं भाडं वाटणाऱ्या ट्रस्टची, थोडी युनिट्स घ्या. ती शेअर बाजारात मिळतात, काही शे रुपयांपासून सुरुवात होते, आणि भाडेकरूचा नळ गळला तर फोन तुम्हाला येत नाही.

आणि हो, करार नोंदवण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त मागत असेल तर रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा, कायदा दाखवा.

प्रश्न : म्हापशाला एक जुनं घर स्वस्तात मिळतंय. आजोबांच्या नावावर आहे, नातू विकतोय. त्याचे एक काका पोर्तुगालला आहेत. 50 हजार टोकन मागतो. देऊ?

उत्तर : नको. आजोबांचे वारस ठरवणारा नोटरीकडचा उत्तराधिकार दस्त किंवा इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा, कोर्टाचा निकाल आधी बघा. आपल्याकडे गोव्यात लग्नानंतर मालमत्तेत जोडीदाराचाही वाटा असतो, त्यामुळे प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या बायकोची किंवा नवऱ्याचीही सही लागते. काका आणि काकी, दोघांचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन तुमच्या वकिलाच्या टेबलावर येईपर्यंत नातवाला चहा पाजा, टोकन देऊ नका.