वसंतापासून पावसाळा लागेपर्यंत घरच्या बागेत फुले कशी मिळवावीत?

आपण प्रश्नात लिहिले आहे की पुण्यातील आपल्या गच्चीवर हिवाळाभर शेवंती, पिटुनिया आणि डेलिया भरभरून फुलतात, पण होळी झाली की एकेक कुंडी वाळू लागते. मोगऱ्याला पाने भरपूर आहेत, कळी मात्र धरत नाही. आणि आता फेब्रुवारी संपत आला असताना यंदा काही करता येईल का, हेही आपल्याला हवे आहे. मी पुण्यातच बरीच वर्षे गच्चीवर आणि थोड्या अंगणात फुलझाडे लावत आले आहे, त्यामुळे याच हवामानाला धरून सविस्तर लिहिते.

जी झाडे वाळत आहेत, ती आपल्या हेळसांडीमुळे वाळत नाहीत. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झी, डेलिया ही थंडीची फुले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे करावीत, डिसेंबर ते मार्च फुले घ्यावीत आणि मग कुंडी मोकळी करावी, असाच त्यांचा क्रम आहे. मार्चमध्ये पारा पस्तिशीपुढे गेला की त्यांना कितीही पाणी घातले तरी ती टिकत नाहीत. शेवंतीचे झाड तेवढे ठेवावे. फुलून गेलेल्या फांद्या जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटाव्यात आणि कुंडी अर्धसावलीत हलवावी, म्हणजे बुंध्याजवळ येणाऱ्या फुटव्यांपासून पुढची रोपे मिळतात. फेब्रुवारीत रोपवाटिकेत फुलांनी लगडलेले पिटुनिया पाहून मोह होतो, पण त्या वेळी घेतलेले रोप आपले बहुतेक आयुष्य तिथेच संपवून आलेले असते. तेच पैसे उन्हाळ्याच्या फुलांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्याकडचा उन्हाळा फुलांना प्रतिकूल मुळीच नाही. मोगरा, अनंत, सोनचाफा, निशिगंध अशी आपली किती तरी सुवासिक फुले याच दिवसांत येतात.

आता मोगऱ्याविषयी, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. मोगऱ्याची कळी जुन्या लाकडावर येत नाही, ती नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येते. म्हणून ज्या झाडाची छाटणी होत नाही आणि ज्याला वर्षभर सारखे पाणी आणि शेणखत मिळत राहते, ते पाने वाढवत बसते. संत्र्या-डाळिंबाचे बागायतदार पाणी तोडून झाडांना ताण देतात आणि मग खत-पाणी देऊन बहार धरतात. मोगऱ्याचेही तंत्र तेच आहे, फक्त ते कुंडीच्या मापाने करायचे. जानेवारीच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करावे, नंतर आठ-दहा दिवस जवळजवळ बंदच ठेवावे. पाने मलूल होऊन पिवळी पडू लागली की धारदार कात्रीने सर्व फांद्या निम्म्यापर्यंत छाटाव्यात, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढाव्यात आणि उरलेली पानेही हाताने ओरबाडून टाकावीत. झाड अगदी उघडेबोडके दिसते, पण त्याची काळजी करू नये. वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने मोकळी करून दोन दिवस ऊन खाऊ द्यावी आणि मग एक फुटी कुंडीला दोन-तीन मुठी पूर्ण कुजलेले शेणखत, अर्धी मूठ निंबोळी पेंड आणि तेवढाच हाडांचा चुरा मातीत मिसळून भरपूर पाणी द्यावे. ताजे शेण कधीही घालू नये. त्यातून हुमणीची अळी येते आणि ती मुळे खाते.

यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत गाठीगाठीतून कोवळे फुटवे निघतात. त्यांतला एखादा फुटवा रोज नीट पाहावा. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की त्याची वाढ थांबते आणि शेंड्यावर मोहरीएवढ्या, बहुधा तीन कळ्या दिसू लागतात. मधली कळी आधी फुगते, बाजूच्या दोन मागून येतात. कळी पांढरी होऊन टपोरी झाली की त्याच संध्याकाळी उमलते, म्हणून गजऱ्यासाठी ती दुपारनंतर, मिटलेली असतानाच खुडावी. तिन्ही फुले झाली की तो शेंडा दोन पानांच्या जोड्यांसह कापून टाकावा, कारण त्याच्याखालच्या पेरांतून पुन्हा फुटवे येतात आणि साधारण महिन्याभराने त्यांवर पुढचा तोडा मिळतो. ही छोटी छाटणी कंटाळा न करता केली, तर मार्चअखेरीपासून जूनपर्यंत फुले येत राहतात. जात कोणतीही असो, बटमोगरा, हजारी किंवा मदनबाण, पाच-सहा तासांचे थेट ऊन मात्र हवेच. सावलीतला मोगरा कोणत्याही खताने फुलत नाही.

कळ्या येऊनही उमलण्याआधीच जांभळट होऊन गळत असतील, तर त्या चिमटीत धरून पाहाव्यात. बारीक छिद्र आणि आत कोवळी अळी सापडली, तर तशा सर्व कळ्या खुडून नष्ट कराव्यात आणि एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी एकजीव करून फवारावे. ही फवारणी संध्याकाळी करावी. भर उन्हात तेलामुळे पाने करपतात. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि पानांखाली बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी असतो. त्याला कोरडी, उष्ण हवा मानवते, म्हणून चार-पाच दिवस रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला, तरी तो बराच आटोक्यात येतो.

मोकळ्या झालेल्या कुंड्यांत झिनिया, गायलार्डिया, पिवळा-केशरी कॉसमॉस आणि चिनी गुलाब लावावेत. झिनियाचे बी थेट कुंडीतच पाव इंच मातीआड पेरावे; ते आठवड्याच्या आत उगवते आणि सुमारे दोन महिन्यांनी फुलते. रोपाला पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे ते बाजूने पसरते. त्याच्या पानांवर पाणी मारू नये, भुरी म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी लवकर येते. चिनी गुलाबाला, ज्याला पुष्कळजण ऑफिसटाइम म्हणतात, वाळूमिश्रित माती आणि कडक ऊन एवढेच लागते. निशिगंधाचे कंद फेब्रुवारी ते एप्रिल या काळात लावले, तर साधारण तीन महिन्यांनी दांडे येतात. दुहेरी फूल दिसायला भरदार असले, तरी वासासाठी मी एकेरीच लावते. मे महिन्यात लाल चेंडूसारखे फुलणारी मे-फ्लॉवर लिली तर अगदी निगुतीशिवाय येते, फक्त थंडीत तिचे कंद कोरडे ठेवावे लागतात.

अनंत जरा मानी आहे. त्याला आम्लधर्मी माती आवडते, त्यामुळे कोकणात जांभ्याच्या मातीत तो सहज वाढतो आणि देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत, त्यातही बोअरचे जड पाणी मिळाले, तर पिवळा पडतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. कुंडीत पोयटा (गाळाची माती), शेणखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण घ्यावे आणि शक्य असेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. त्याच्या पाण्यात खंड पडला की कळ्या गळतात. सोनचाफा मोठ्या पिंपातही होतो, परंतु कलमच घ्यावे, कारण बियांपासून केलेल्या रोपाच्या फुलांसाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागते.

पाण्याच्या बाबतीत उन्हाळ्यात झाडे कमी पाण्याने जितकी दगावतात, तितकीच भीतीपोटी घातलेल्या जास्त पाण्यानेही दगावतात. दुपारी पाने माना टाकतात, ती पुष्कळदा संध्याकाळी आपोआप सावरतात. तेवढ्यावरून पाणी ओतू नये. मातीत बोटाची दोन पेरे घालून पाहावे आणि ओल लागली नाही तरच पाणी द्यावे. मातीत वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही, राहिला पाहिजे, चिखल होता कामा नये. गच्चीवर तापलेल्या फरशीमुळे कुंडीतील मुळे भाजतात, म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात, एकमेकींना चिकटून मांडाव्यात आणि मातीवर वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. पाणी सकाळी आठच्या आत द्यावे. लहान कुंड्यांना एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळीही लागते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना घातले, तर टंचाईच्या दिवसांत तेवढीच बचत होते.

आता यंदापुरते. फेब्रुवारीअखेर म्हणजे मोगऱ्याला थोडा उशीर झाला आहे, पण हंगाम गेलेला नाही. आता आठ-दहा दिवसांचा ताण देत बसू नये. उन्हे वाढली आहेत, तीन-चार दिवस पाणी तोडणे पुरे. फांद्या निम्म्याऐवजी एक तृतीयांशच छाटाव्यात, पाने काढावीत, वर सांगितल्याप्रमाणे खत घालावे आणि कुंडी सर्वांत जास्त ऊन लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. एप्रिलच्या उत्तरार्धात पहिला तोडा मिळायला हरकत नाही. झिनियाचे बी मात्र याच आठवड्यात पेरावे.