जुन्या मॅसी ३५ ट्रॅक्टरचं चार्जिंग होत नाही. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा का?

लगेच नको. तुम्ही लिहिलंय की गाडी डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करायला जुन्या पद्धतीचं जनित्र असलेली) आहे, नवी बॅटरी घालूनही चार दिवसांत सेल्फ मारत नाही, आणि फिटर म्हणतोय डायनॅमो भंगारात घाला. कोल्हापूर भागात हा सल्ला इतका सर्रास मिळतो की आधी मीटर लावून बघायची पद्धतच गेली. त्या डायनॅमोत बिघडायला असतं तरी काय? दोन कार्बन (ब्रश), एक आर्मेचर (आतलं फिरणारं गुंडाळण), दोन फिल्ड कॉइल (चुंबकत्व तयार करणाऱ्या) आणि मागचा बुश.

दुसरं खूळ म्हणजे गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि 'बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग ओके' म्हणायचं. अहो, डिझेल इंजिन आहे ते! पंप आणि नोझलवर चालतं, डायनॅमोच्या वायरी तोडून टाकल्या तरी चालत राहील. उलट बॅटरी सुटली की व्होल्टेज १६ च्या आसपास चढतं आणि चालू असलेले बल्ब उडतात.

कागलकडची अशीच एक ३५ सीझनच्या तोंडावर कामाला आली होती. मालकांनी आधी बॅटरी बदललेली, मग डायनॅमो रिवाइंड करून आणलेला, मग कटआउट (डायनॅमोचा करंट बॅटरीकडं सोडणारा आणि व्होल्टेज आवरणारा डबा) नवा, आणि शेवटी हाच अल्टरनेटरचा सल्ला. लक्षण असं की स्लोला चार्जिंगचा लाल दिवा लागलेला, रेस दिली की विझायचा आणि आणखी रेस दिली की परत पेटायचा, तोही जास्त उजेडाने. अर्धं निदान इथंच होतं. दिव्याचं एक टोक स्विचमधून बॅटरीला आणि दुसरं डायनॅमोच्या D पॉइंटला (जिथून करंट बाहेर येतो) असतं. दोन्हीकडं १२ व्होल्ट झाले की दिवा विझतो. D चं व्होल्टेज बॅटरीच्या फार वर गेलं की करंट उलट्या बाजूने वाहतो आणि दिवा पुन्हा लागतो. म्हणजे डायनॅमो जोरात बनवतोय, पण कटआउट ते बॅटरीकडं सोडत नाही आणि आवरतही नाही.

दोन्ही कामं एकदम बंद पडायला एकच कारण पुरतं, ते म्हणजे कटआउटच्या E पॉइंटला अर्थ (बॉडीशी जोडणी) नसणं. आतल्या दोन्ही व्होल्टेज कॉइलचा परतीचा रस्ता तोच. ट्रॅक्टर नुकताच रंगवलेला होता आणि E ची वायर रंगावरच स्क्रूने आवळलेली होती. पत्रा घासून उघडा केला, दातेरी वॉशर घातला, चार्जिंग सुरू. रिवाइंडिंगचं बिल मात्र तोवर भरून झालं होतं. गाडी तशीच चालवत राहिले असते तर फिल्ड कॉइल जळाली असती आणि सगळ्यांनी डायनॅमोलाच शिव्या घातल्या असत्या.

म्हणून आधी अर्थ बघा. इंजिन रेसवर ठेवून मीटरची एक पिन डायनॅमोच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला लावा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी तेच साफ करा. पट्टा दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने साधारण १२ मिमी दबला पाहिजे. जास्त ताणू नका, डायनॅमोच्या मागच्या बाजूला बेअरिंग नसून बुश आहे. तो खाल्ला की आर्मेचर आत घासतं. त्या बुशला अधूनमधून तेलाचे दोन-चार थेंब लागतात, ते कुणीच घालत नाही.

आता डायनॅमोची खरी परीक्षा. डायनॅमोवरच्या D आणि F (फिल्ड) पॉइंटच्या दोन्ही वायरी काढा, दोन्ही पॉइंट तारेने जोडा, मीटर त्या तारेला आणि बॉडीला. हळूहळू रेस वाढवा. काटा न अडखळता चढला पाहिजे. २० व्होल्टच्या वर नेऊ नका. काहीच नाही दिसलं तर कार्बन अडकलाय किंवा झिजलाय. अर्धा-एक व्होल्टवर थांबला तर फिल्ड, ४-५ वर थांबला तर आर्मेचर. फिल्ड कॉइल मीटरवर ६ ओहमच्या आसपास दाखवते. आर्मेचर खरंच गेलं असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंड करून मिळतं, पण कम्युटेटरमधला (कार्बन घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांमधला) अभ्रक ०.८ मिमी खाली कोरून घ्या, नाहीतर कार्बन पुन्हा उड्या मारतील.

डायनॅमो पास झाला तर पाच पॉइंटचा कटआउट तपासा. त्याच्या A आणि A1 पॉइंटच्या वायरी काढून एकमेकींना जोडा आणि रेस देत D-E मध्ये मोजा. १६ ते १६.६ व्होल्ट यायला हवं. आकडा बघून घाबरून स्क्रू ढिला करू नका, हे लोड नसतानाचं व्होल्टेज आहे. कटआउटचे पॉइंट १२.७ ते १३.३ ला चिकटले पाहिजेत. ते घासायला बारीक काचपेपर वापरा, एमरी नको.

आता फिटरच्या बाजूनेही एक सांगतो. हा डायनॅमो जास्तीत जास्त १९ ते २२ अँपिअर देतो, म्हणजे जेमतेम ३०० वॉट, आणि स्लोला जवळपास काहीच नाही. कारखान्याच्या अड्ड्यावर उसाच्या ट्रॉल्या लावून रात्रभर स्लोवर लाइटी आणि टेप चालवत असाल तर सगळं ठणठणीत असूनही बॅटरी उतरणारच. तसं असेल तर अल्टरनेटर खुशाल बसवा. पण बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते आधी बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो आणि तसाच अल्टरनेटर जोडला तर डायोड तिथल्या तिथं जातात. शिवाय काही ३५ वर समोरच्या पॅनेलवरच्या मीटरची केबल डायनॅमोच्या मागून निघते, तो मीटर बंद पडेल.

आणि डायनॅमोच ठेवणार असाल तर परत बसवल्यावर F ची वायर जोडायच्या आधी बॅटरीच्या बॉडीला नसलेल्या टोकापासून एक वायर आणून F पॉइंटला दोन-तीनदा नुसती टेकवा. यामुळे आतलं चुंबकत्व बरोबर बाजूला बसतं. बरेच दिवस पडून असलेला किंवा बॅटरी उलटी लागलेला डायनॅमो एवढ्यावरच चालू होतो.